अभ्र्याचा हिशेब

दिवाळी जवळ आली की पेढीवरची गादी झटकली जाते, लोड-तक्क्यांना पांढरे स्वच्छ अभ्रे चढतात आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीवर कुंकवाचे पहिले बोट उमटते. घरातही तीच लगबग असते. बैठकीतील उश्यांना नवे रूप द्यावे असे प्रत्येक गृहिणीला वाटते आणि बहुधा ते रूप बाजारातून आणले जाते. या वेळी एक अभ्रा तरी घरीच, क्रोशाने विणावा, असे या लेखातून सुचवावयाचे आहे. ज्यांनी आजवर सुई हातात धरलेली नाही अशा भगिनींसाठी, आणि संकोच नसेल तर बंधूंसाठीही, हा लेख आहे.

क्रोशाचे काम आपल्याला परके नाही. रुखवतात मांडलेली तोरणे, समईखालचे गोल रुमाल, ताटावर झाकलेली जाळीदार चौकट ही आजीच्या पिढीची ओळख होती. 'क्रोशे' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आकडा. टोकाला आकडा असलेली एकच सुई आणि एकच दोरा एवढ्या भांडवलावर ही कला उभी आहे. या कलेची एक गोष्ट मात्र व्यापारी घरांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वेटरचे विणकाम यंत्रावर होते, भरतकाम यंत्रावर होते, कापड तर यंत्रावरच होते. पण क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र अजून कारखान्यांत रूढ झालेले नाही. बाजारात क्रोशासारखी दिसणारी यंत्राची जाळी मिळते, पण तिची वीण वेगळी असते. म्हणून दुकानात दिसणारा क्रोशाचा प्रत्येक खरा नमुना कोणाच्या तरी बोटांतून, टाक्यामागून टाका असा गेलेला असतो. ही गोष्ट वाचून कळते. समजते मात्र स्वतः एक अभ्रा विणल्यावरच.

दोरा

प्रथम दोऱ्याचा विचार करू, कारण तो आपल्याच मातीतला आहे. घाटाखालचे खामगाव एकोणिसाव्या शतकापासून कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. त्या व्यापारासाठीच जलंब ते खामगाव हा छोटासा रेल्वेफाटा १८७० साली सुरू झाला. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांनी याच परिसरात कापसाच्या गाड्या मोजून घेतल्या असतील. आज कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या दूरच्या गिरण्यांत जाऊन सुताच्या रूपाने परत आपल्याच दुकानांत येतात.

उशीच्या अभ्र्यासाठी सुती दोराच घ्यावा. आपल्या अनेक घरांत रेशीम आणि लोकर यांना उंबऱ्याबाहेर ठेवण्याची रीत आहेच; पण ती नसती तरी उशीला सूतच योग्य ठरले असते. सूत गालाला गार लागते, घरी धुता येते आणि बुलढाण्याच्या घाटावरच्या थंडीत काय, घाटाखालच्या उन्हाळ्यात काय, सारखेच वागते. अ‍ॅक्रिलिकचा दोरा स्वस्त आणि रंगीत असतो खरा, पण उन्हाळ्यात त्याला घाम टिपता येत नाही आणि गरम इस्त्री लागली की तो वितळू लागतो.

दुकानात 'निटिंग कॉटन' म्हणून चार पदरी सुती दोरा मिळतो. नवशिक्यांनी तोच घ्यावा. रुमालांसाठी वापरला जाणारा २० किंवा ४० नंबरचा क्रोशाचा दोरा फार बारीक असतो. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे ध्यानात ठेवावे. सुती दोऱ्याला जी रेशमासारखी चकाकी असते तिची कथाही रंजक आहे. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली. सूत बळकट झाले आणि रंग चांगला धरू लागले. पुढे १८९० च्या सुमारास हीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली तेव्हा त्याला चमक आली. आज वेष्टनावर 'मर्सराइज्ड' लिहिलेले असते ते या मर्सरच्या नावावरून.

सोळा इंची म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरच्या चौकोनी उशीला दीडशे ग्रॅम दोरा पुरतो. हाताशी शिल्लक हवी म्हणून दोनशे ग्रॅम घ्यावा. सर्व लडी एकाच लॉटच्या आहेत ना, हे वेष्टनावरचा क्रमांक पाहून खात्री करावी. एकच नाव असलेला केशरी रंग दोन लॉटमध्ये दोन तऱ्हांचा निघतो आणि तो फरक दुकानातल्या दिव्यापेक्षा घरच्या उजेडात अधिक दिसतो. लाल किंवा गडद निळा दोरा घेतला असेल तर त्याचा वीतभर तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. फडक्याला डाग पडला तर तो दोरा पांढऱ्याच्या शेजारी विणू नये.

आता थोडा हिशेब. कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते. म्हणजे दोनशे ग्रॅम सुतासाठी, कताईतील घट धरून, सहाशे ते सातशे ग्रॅम कापूस लागला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने या अभ्र्यात शिरलेला कापूस पन्नास रुपयांच्या आतबाहेर होतो. शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम एवढीच. पुढे जिनिंग, कताई, रंग, वाहतूक आणि दुकानदार यांचा वाटा जोडला म्हणजे दोऱ्याची किंमत होते. अभ्र्याची किंमत मात्र अजून झालेली नाही. ती पुढे होणार आहे.

सुई आणि तीन टाके

चार पदरी दोऱ्यासाठी अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची सुई घ्यावी. जाडीचा आकडा सुईच्या दांड्यावर कोरलेला असतो. सुई पेनासारखी धरावी किंवा भाजी चिरताना सुरी धरतो तशी. जी पकड मनगटाला सुखाची तीच बरोबर. दोरा डाव्या हाताच्या तर्जनीवरून आणि करंगळीभोवतून घ्यावा, म्हणजे तो सारख्या ताणाने सुटत राहतो. टाके घट्ट पडत असतील तर जोर कमी करण्याचा प्रयत्न करण्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घ्यावी. हात आपोआप सैल होतो.

सारे काम तीन टाक्यांत होते. पहिला टाका साखळी. सुईवर सरकगाठ घालावी, आकड्यात दोरा पकडावा आणि तो गाठीतून ओढून घ्यावा. ही एक साखळी. दुसरा मुका खांब. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढून वर घ्यावा, सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून एकदम ओढावा. तिसरा खांब. आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यावा, मग सुई खाली घालून दोरा ओढावा. आता सुईवर तीन फास असतील. दोरा घेऊन त्यांतील दोनांतून ओढावा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून ओढावा. खांब उभा राहिला.

पहिले दोन दिवस अभ्र्याचा विचारही करू नये. वीस साखळ्या घालाव्या, त्यांवर खांबांच्या चार ओळी विणाव्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी खांब मोजावे. नवशिक्यांचा नमुना बहुधा वर वर निमुळता होत जातो, कारण ओळीचा शेवटचा टाका नजरेतून सुटतो. मोजण्याची सवय लागली की हा दोष आपोआप जातो. मोजणे हा तर आपल्या घराण्यांचा जुना गुण!

चौकोन आणि त्याचा मेळ

संपूर्ण अभ्रा एकसंध विणण्यापेक्षा लहान लहान चौकोन विणून ते जोडणे नवशिक्यांना सोयीचे. चौकोन पिशवीत मावतो, प्रवासात विणता येतो आणि एक बिघडला तरी बाकीच्यांना झळ लागत नाही. आपल्याला सुमारे नऊ सेंटिमीटरचे सोळा चौकोन हवे आहेत, चार उभे आणि चार आडवे.

चार साखळ्या घालून त्यांचे कडे करावे. म्हणजे सुई पहिल्या साखळीत घालून दोरा ओढून घ्यावा. पहिला फेर : तीन साखळ्या घालाव्या, त्यांचा एक खांब धरला जातो, कड्यातच आणखी दोन खांब विणावे. मग दोन साखळ्या आणि तीन खांब, असे तीनदा करावे. शेवटी दोन साखळ्या घालून फेर सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत मिटवावा. तीन-तीन खांबांचे चार गट आणि त्यांच्यामध्ये दोन साखळ्यांची चार घरे तयार होतील. ही घरे म्हणजे चौकोनाचे चार कोपरे.

दुसरा फेर : प्रत्येक कोपऱ्याच्या घरात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब विणावे, एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जाताना एक साखळी घालावी. तिसऱ्या आणि चौथ्या फेरात कोपरे असेच विणावे आणि बाजूंवर एका साखळीचे जे घर येईल त्यात तीन खांबांचा एक गट विणावा. गटागटांमध्ये एक साखळी. प्रत्येक फेराची सुरुवात तीन साखळ्यांनी होते आणि त्या एक खांब म्हणून मोजल्या जातात.

आता मेळ जुळवावा. पहिल्या फेरात खांब १२, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात ३६, चौथ्यात ४८, एकूण १२०. प्रत्येक फेराला बरोबर बारा वाढले पाहिजेत. अकरा किंवा तेरा वाढले तर चूक त्याच फेरात आहे, मागे शोधत जाण्याचे कारण नाही. रोजमेळ रोज जुळवणारा मुनीम वर्षअखेरीस निर्धास्त असतो; येथेही फेर मिटवण्यापूर्वी मोजणारी गृहिणी सोळाव्या चौकोनाला निर्धास्त असते.

रंगांविषयी एक व्यवहार्य सूचना. प्रत्येक फेराला वेगळा रंग घेण्याचा मोह होतो. तसे केल्यास एका चौकोनाची आठ टोके आणि सोळा चौकोनांची १२८ टोके मागाहून लपवत बसावी लागतात. पहिले दोन फेर एका रंगात आणि पुढचे दोन दुसऱ्या रंगात घेतले तर टोके ६४ होतात. मधोमध झेंडूचा पिवळा किंवा केशरी आणि बाहेर पांढरा अशी जोडी दिवाळीला शोभते आणि पेढीच्या पांढऱ्या गादीशीही तिचे जुळते. आठ चौकोनांत मध्य पिवळा आणि आठांत केशरी ठेवून ते बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून लावले तर दोनच रंगांची रीत पाळूनही अभ्रा रंगीत दिसतो.

उसवण्याचे धैर्य

क्रोशाच्या कामात एका वेळी एकच फास उघडा असतो; बाकीचे सारे टाके मिटलेले असतात. त्यामुळे चूक दिसली की सुई काढावी, दोरा ओढावा आणि चुकलेल्या जागेपर्यंत उसवून घ्यावे. दोरा जसाच्या तसा परत मिळतो. कापड कापले की परत जुळत नाही, पीठ जास्त मळले की परत कोरडे होत नाही. येथे मात्र मुद्दल शाबूत राहते, खर्च होतो तो केवळ वेळ. म्हणून नवशिक्यांनी चुकीला भिऊन हात आखडू नये आणि चूक दिसल्यावर 'चालेल' म्हणून पुढेही जाऊ नये. दुसऱ्या फेरातील चूक चौथ्या फेरात वाकडा कोपरा होऊन प्रकट होते. त्या वेळी तीन पट उसवावे लागते.

दिवसांचे गणित

अधिक मास मध्ये आला नाही तर राखी पौर्णिमेपासून धनत्रयोदशीपर्यंत सुमारे सत्तर दिवस मिळतात. त्यांतील दहा दिवस पर्युषण आणि दशलक्षणाच्या काळात सुई बाजूला राहील, हे आधीच वजा करावे. शेवटचे बारा दिवस जोडकामासाठी राखावे. तेव्हा घरात फराळाची गडबडही असणार. उरलेल्या अठ्ठेचाळीस दिवसांत तीन दिवसांना एक चौकोन या गतीने सोळा चौकोन होतात. तीन दिवसांत एक चौकोन ही गती कोणालाही झेपणारी आहे. रोज वीस मिनिटे बसावे, खिडकीच्या उजेडात बसावे, आणि मनगट किंवा मान दुखू लागली तर टाका अर्धा असला तरी सुई खाली ठेवावी. टाका पळून जात नाही.

जोडकाम

सर्व चौकोन झाले की ते चादरीवर मांडून टाचण्यांनी सारख्या मापात ताणून लावावे, वरून पाणी शिंपडावे आणि सावलीत वाळू द्यावे. सूत वाळताना त्या मापाला स्थिर होते आणि हाताच्या ताणातील लहानमोठे फरक मिटतात. मग दोऱ्यांची टोके बोथट टोकाच्या मोठ्या सुईने त्याच रंगाच्या खांबांच्या आतून एकदा एका दिशेने आणि परत उलट दिशेने ओढून कापावी. नुसती गाठ मारून कापलेले टोक तिसऱ्या धुण्याला बाहेर येते.

दोन चौकोन पालथे एकमेकांवर ठेवून त्यांच्या कडा मुक्या खांबांनी एकत्र विणाव्या. आधी चार-चार चौकोनांच्या चार पट्ट्या कराव्या, मग पट्ट्या एकमेकींना जोडाव्या. शेवटी चारही बाजूंनी खांबांचा एक फेर काठ म्हणून घालावा. कोपऱ्यात दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. सुमारे ३८ सेंटिमीटरची चौकट तयार होईल. उशी ४० सेंटिमीटरची असताना चौकट ३८ची का, असे कोणी विचारील. सुती वीण वापराने सैलावते. दोन सेंटिमीटर कमी ठेवली तर ती उशीवर ताठ बसते आणि सैलावल्यावरही लोंबत नाही. माप यापेक्षा कमी आले तर काठाचा आणखी एक फेर घालावा.

जाळीतून उशीचा कापूस दिसू नये म्हणून खाली कापडाचा अभ्रा हवाच. घरातील साधा सुती अभ्रा घ्यावा आणि त्याच्या पुढच्या बाजूवर ही चौकट हातशिलाईने कडेकडेने बसवावी. आतला अभ्रा गडद असला तर पांढरी जाळी उठून दिसते. धुताना अभ्रा उलटा करून साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवावा, पिळू नये, आणि सपाट पसरून वाळवावा; दोरीवर टांगला तर पाण्याच्या भाराने वीण लांबते.

किंमत

आता मघाशी अर्धवट सोडलेला हिशेब पुरा करू. पहिल्या एक-दोन चौकोनांना तास-दीड तास लागेल, पुढे हात बसला की अर्ध्या तासात एक होईल. सोळांचे मिळून दहा तास धरू. चौसष्ट टोके लपवण्यास दीड तास, जोडण्यास दोन, काठास एक, ताणणे आणि कापडावर बसवणे यांस एक. एकूण साडेपंधरा तास. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. आपल्या तालुक्यात आज दोन दिवसांची रोजंदारी किती, हे दुकान किंवा शेती असणाऱ्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. ती रक्कम दोऱ्याच्या किमतीत मिळवावी. जो आकडा येईल त्यात अजून कोणाचाही नफा नाही, दुकानाचे भाडे नाही, वाहतूक नाही.

हा आकडा मनात ठेवून बाजारातील क्रोशाच्या अभ्र्यावरची चिठ्ठी वाचावी. ती पुष्कळदा या आकड्याच्या कितीतरी खाली असते. सरावलेली विणकरीण आपल्यापेक्षा दुप्पट वेगाने विणेल, हे मान्य. तरीही हिशेब जुळत नाही. दोरा स्वस्त झालेला नसतो. यंत्र तर येथे नाहीच. तेव्हा जी तफावत उरते ती कोणाच्या तरी तासांतून वजा झालेली असते.

याचे नाव घेण्यासारखे उदाहरण आपल्याच देशात आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तो आसपासच्या खेड्यांतील हजारो घरांचा उद्योग झाला. एक स्त्री केवळ फुले विणते, दुसरी ती जोडते, मधले लोक माल गोळा करतात आणि व्यापारी तो परदेशी पाठवतात. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने या स्त्रियांमध्ये राहून अभ्यास केला. तिचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. तिला आढळले ते थोडक्यात असे. या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणत. पण त्या 'घरी बसलेल्या गृहिणी' आणि त्यांचे काम 'रिकाम्या वेळेतला उद्योग' समजले जाई. काम म्हणून त्याची मोजदाद नाही, म्हणून मजुरीही नावापुरती. २०२४ मध्ये नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मान मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे; तासांना दाम मिळणे ही त्यापुढची पायरी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा मठांतील जोगिणींनी आणि इतर स्त्रियांनी गरीब घरांतील मुलींना क्रोशाची लेस शिकवली. ती विकून कित्येक कुटुंबे तगली. म्हणजे हीच सुई घर तारू शकते आणि हीच सुई दिवसभराच्या श्रमाला चार नाणीही मिळवून देत नाही. फरक सुईत नसतो. माल घेणारा आणि विकणारा कोणता हिशेब धरतो, यात तो असतो.

हा हिशेब धरणारे आपण आहोत, म्हणून हा विषय येथे मांडला. आपली घरे व्यापाराची. नफा हा व्यापाराचा प्राण आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण वजनात दगड आणि मालात भेसळ यांना आपल्या वाडवडिलांनी पेढीवर थारा दिला नाही, कारण ती दुसऱ्याच्या हिश्शाची चोरी आहे, हे त्यांना दिसत होते. कोणाचे तास हिशेबातून गाळणे हे वजनातल्या दगडासारखे दिसत नाही, एवढाच त्यातला फरक. कापसाचा तोळा आपण मोजतो. बोटांचा तास मोजण्याची सवय आपल्याला नाही. ती लावून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक अभ्रा स्वतः विणणे.

ही सवय घरातूनही सुरू व्हावी. सून दुपारी विणत बसली की 'तिला काय, वेळ आहे' असे सहज बोलले जाते. सासूबाईंनी वर्षभर खपून केलेले तोरण पाहुण्यांना दाखवताना 'हौस आहे त्यांना' असे म्हटले जाते. हौस असतेच, पण हौसेने केलेले काम मोजायचे नाही, असा नियम आपण दुकानात कधी लावत नाही. हौसेने दुकान चालवणाऱ्यालाही गल्ला रोज मोजावा लागतो.

म्हणून एक छोटी रीत सुचवाविशी वाटते. विणायला बसण्यापूर्वी एका कागदावर तारीख आणि वेळ टिपावी, उठताना पुन्हा टिपावी. उसवण्यात गेलेला वेळही त्यात धरावा. तो शिकण्याचा खर्च आहे आणि खर्च हिशेबात येतो. अभ्रा पुरा झाला की बेरीज करावी आणि ती चिठ्ठी आतल्या कापडाला टाचून ठेवावी : दोरा इतका, तास इतके, विणणारीचे नाव. दिवाळीला तो अभ्रा लेकीला, नणंदेला किंवा शेजारणीला भेट द्यायचा असेल तर चिठ्ठीसकट द्यावा. भेटीवर किंमत लिहू नये, हा शिष्टाचार आहे; पण श्रमाचे तास लिहिणे यात शिष्टाचाराचा भंग होत नाही. घेणाऱ्याला कळते की आपल्यासाठी कोणीतरी दोन दिवस दिले.

आणि दिवाळीच्या आधी तालुक्याच्या गावी बचत गटांची विक्री-प्रदर्शने भरतात, तेथे क्रोशाचे रुमाल आणि तोरणे मांडून बसलेल्या भगिनी दिसतील. 'कमी किती करणार?' हा प्रश्न आपल्या जिभेवर सवयीने येतो. त्याआधी 'याला तास किती लागले?' असे विचारून पाहावे. बहुतेक जणींना हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो आणि उत्तर देताना त्या स्वतःच मोजू लागतात. त्यानंतर भाव ठरवावा. दुकानात विक्रीसाठी असा माल ठेवणाऱ्या बंधूंनीही खरेदीच्या वेळी हाच प्रश्न विचारावा आणि तासांचा आकडा आपल्या खरेदीवहीत लिहावा. एकदा वहीत आलेली गोष्ट व्यापारी सहसा विसरत नाही.

पहिला अभ्रा सुबक होईलच असे नाही. एखादा चौकोन किंचित मोठा असेल, एका बाजूचा काठ थोडा लाटेसारखा होईल. तरीही तो बैठकीतल्या मुख्य जागी ठेवावा. सोळा चौकोनांत १,९२० खांब त्यात उभे आहेत आणि त्यांतला प्रत्येक मोजून घातलेला आहे.

हात बसल्यानंतर ज्यांना पेढीवरच्या लोडासाठी अभ्रा विणावयाचा असेल त्यांनी दोन्ही टोकांच्या गोल चकत्या विणण्यास शिकावे. गोल विणताना खांब वाढवण्याचे गणित वेगळे असते; ते पुढील अंकात सविस्तर पाहू. तोवर सुई, दोनशे ग्रॅम सूत आणि तास टिपण्यासाठी एक कोरा कागद, एवढी सामग्री जवळ असू द्यावी.